नागव्वाची सही

बिदर जिल्ह्यातलं हुलसूर गाव तालुका झालं आणि रेणुकाच्या खोलीचं भाडं दरसाल वाढायला लागलं. पंधरा वर्षं ती त्याच खोलीत बसून ब्लाउज शिवत होती. आधी त्या रस्त्यावर एक किराणा, एक सायकलचं दुकान आणि ती, एवढेच होते. मग तहसील हापिस आलं. त्याच्या मागं झेरॉक्सवाले आले, चहावाले आले, बॉन्ड लिहिणारे आले, आणि खोलीचा मालक दर दिवाळीच्या पाडव्याला येऊन नवा आकडा सांगायला लागला. यंदाच्या पाडव्याला तो आकडा सांगून गेला तेव्हा रेणुका मशीनवर पाय ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिली. तिच्या मनात आलं, हा माणूस वर्षातून एकदा येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. आपण वर्षभर मान मोडून शिवतो. मग आपण कायम भाडं देणाऱ्यातच का राहायचं?

जेवताना तिनं नवऱ्याला हे सांगितलं, साठवलेल्या पैशातून जागा घ्यायचं बोलली. हरिओम वीज खात्यात लाइनमन. सावध माणूस, खांबावर चढायच्या आधी तीनदा विचारणारा, लाइन बंद हाय ना म्हणून.

"बँकेत ठिव की," तो म्हणाला. "बँक कुठं पळून जायली न्हाई."

"भाडंबी कुठं पळून जायलं न्हाई. वरच चढायलंय."

"तुझे पैसे हायत. तुझं तू बघ. मला मधी घिऊ नको."

हे तो रागानं बोलला नव्हता. पण त्यामुळं झालं असं, की पुढचं सगळं रेणुकाला एकटीनंच शिकावं लागलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची. सुटाबुटातली माणसं पुण्या-बंगळूरचे फ्लॅट दाखवायची, पहिला घ्या, तो भाड्यानं द्या, त्यावर दुसरा घ्या म्हणायची. त्यातल्या एकालाही हुलसूर ठाऊक नव्हतं. फक्त कन्नडात बोलणारी एक वकीलबाई तिला कामाची वाटली. सगळे कागद हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, असं ती दर व्हिडिओत बजावायची. रेणुकानं ते मापाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

जागा दाखवायला होता पप्पू, तिच्या मावशीचा मुलगा. आधी मोबाईलचं रिचार्ज मारायचा, तालुका झाल्यावर दलाली करायला लागला. त्यानं तिला गावाबाहेर तुरीच्या रानात नेलं. तुरीत पांढरे दगड रोवले होते.

"अक्का, इथं समोर मिनी विधानसौध व्हणार हाय. दोन वर्षांत तिप्पट."

रेणुका हसली. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका दलालानं तेच मिनी विधानसौध, म्हणजे तालुक्याच्या सगळ्या हापिसांची इमारत, गावाच्या दुसऱ्या टोकाला दाखवलं होतं.

"एन.ए. झालंय का?"

"व्हायलंय की. आता बॉन्डवर घ्या, मागून रजिस्ट्री करू."

"बॉन्डवर घेतलं तर पहाणीला नाव कुणाचं लागतंय?"

पहाणी म्हणजे इकडचा सातबारा; त्यावर नाव जुन्या मालकाचंच राहणार, हे पप्पूलाही ठाऊक होतं. रेणुका चपलेतले काटे काढत घरी आली. आपल्याला जमायलंय, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि मग पुढच्याच आठवड्यात ती चुकली.

बाजाराच्या रस्त्याला तिप्पण्णाच्या दोन मलग्या होत्या. दुकानाच्या गाळ्याला इकडं मलगी म्हणतात. शहाबादी फरशी, दगडी भिंती, वर पत्रे, पुढं ओटा. तिप्पण्णाचे वडील तिथं भुसार मालाचा व्यापार करायचे, त्यांच्यामागं तिप्पण्णानं केला. आता त्याचा मुलगा गुलबर्ग्याला नोकरीला होता, आणि पासष्टीला आलेला तिप्पण्णा सगळं आवरून तिकडं निघाला होता. भाव वाजवी होता. रेणुकानं सकाळी जाऊन बघितलं, दुपारी जाऊन बघितलं, रस्त्यावरून किती माणूस जातं ते ओट्यावर बसून मोजलं. जागा तिच्या मनात बसली.

"बिदरचं एक गिऱ्हाईक उद्या यायलंय," पप्पू म्हणाला. "तुमी काय ते आजच बघा."

ते गिऱ्हाईक खरंच होतं की नव्हतं, कोण जाणे. पण जागा हातची जाईल, असं रेणुकाला वाटलं. त्याच संध्याकाळी तिनं पन्नास हजार इसार दिला. स्टँप पेपरवर लिहून झालं: दोन महिन्यांत खरेदी करायची, घेणाऱ्यानं माघार घेतली तर इसार बुडाला. कागद नंतर बघू, असं ती स्वतःशीच म्हणाली. वहीचं मागचं पान त्या दिवशी तिनं उघडलं नाही.

खरेदीखत लिहायला ती बसवकल्याणला गुरुपादय्यांकडं गेली. सत्तरीचा माणूस, चाळीस वर्षं खतं लिहीत आलेला. भोवतालच्या गावांतली निम्मी घराणी त्यांना तोंडपाठ. पप्पूही सोबत होता. अय्यांनी एकेक कागद उजेडात धरून बघितला. पंचायतीचा खाता, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, तिप्पण्णाच्या नावावर, ठीक. जागेवर कर्जाचा बोजा नाही असा दाखला, तोही ठीक. मग त्यांनी वंशवृक्ष हातात घेतला. वंशवृक्ष म्हणजे मेलेल्या माणसाचे वारस कोण, ते सांगणारा सरकारी कागद. तो त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"ह्याच्यात नागव्वा कुठं हाय?"

"कोण नागव्वा?" रेणुकानं विचारलं.

"तिप्पण्णाची थोरली बहीण. तिच्या लग्नात मी जेवलोय, बाई. मादन हिप्परग्याला दिलेली."

रेणुकानं पप्पूकडं बघितलं. पप्पू म्हणाला, "अय्या, लगीन होऊन पन्नास वर्षं झाली असतील. पोरी कुठं मागायल्यात? आसे खतं किती व्हतात."

"व्हतात. मीबी लिहिलोय," अय्या शांतपणे म्हणाले. "बाप मृत्युपत्र न करता गेला, आई आधीच गेलेली. मंग बाई, आर्धी जागा तिची. आज ती काय मनणार न्हाई. उद्या तिची लेकरं दावा लावली, तर तिप्पण्णा गुलबर्ग्यात असंल आणि कोर्टाच्या तारखा तुमी करताल. तिची सही आणा, मी लिहितो. न्हाईतर दुसरा लिहिणारा बघा."

बसनं परत येताना रेणुकाच्या कानात सगळं घुमत होतं. ती सरळ तिप्पण्णाच्या दुकानात गेली. पोती रिकामी करून घड्या घालत बसलेला तिप्पण्णा तिचं ऐकता ऐकता ताठ होत गेला.

"ती सही देणार न्हाई. आप्पा गेल्यापासून आकरा वर्षं झाली, ती ह्या गावात पाय ठिवली न्हाई. मीबी मागायला जाणार न्हाई. घ्यायचं तर आसंच घ्या. न्हाईतर इसार सोडा."

घरी हरिओमला सांगावंच लागलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "पन्नास हजार गेले समज. शिकली मनायचं," आणि उठून हात धुवायला गेला.

चार दिवस रेणुकाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. पप्पू दोनदा येऊन गेला: अक्का, कामून घाबरायलाव, करून टाका, कुणी इचारत न्हाई. कधी वाटायचं, करूनच टाकावं. मग त्या न बघितलेल्या बाईचा विचार यायचा. आपल्या बापाच्या जागी आपण नाहीच असं कागदावर लिहिलेलं, हे तिला ठाऊक तरी असेल का? रेणुकाच्या स्वतःच्या माहेरच्या रानाच्या कागदात तिचं नाव होतं की नव्हतं, तेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं आणि सकाळची बस धरली. आधार कार्ड दाखवलं की बायांना शून्याचं तिकीट मिळतं, त्यामुळं जायला पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो तिथं जाऊन बोलायचं काय. बसवकल्याण, मग आळंद, आळंदहून मादन हिप्परग्याची बस. स्टँडवर तिनं तिप्पण्णाचं नाव न घेता नुसतं नागव्वाचं घर विचारलं.

"हुलसूरची नागव्वा का?" पानवाल्यानं बोट करून गल्ली दाखवली. अकरा वर्षं गावी न गेलेल्या बाईला इथं अजून हुलसूरचीच म्हणत होते.

अंगणात तूर वाळत पडली होती. एक उंच, वाळकी म्हातारी सूप घेऊन पाखडत होती. कपाळावर विभूती, गळ्यात करडी, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी.

"अव्वा, मी हुलसूरहून आले."

सूप हातातच थांबलं. "तम्माला काय झालं का?" म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

"न्हाई न्हाई. बरे हायत ते."

नागव्वानं श्वास सोडला, आणि लगेच चेहरा कठोर करून पुन्हा पाखडायला लागली. "मंग कामून आलीस? त्यानं पाठवला का?"

"त्यांना ठावंच न्हाई मी आले ते."

रेणुका ओट्याच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मलग्या, इसार, आपली घाई, अय्यांनी बघितलेला कागद. काही लपवावं असं तिला वाटलंच नाही. शेवटी सूप खाली ठेवून नागव्वानं विचारलं, "कागदात माझं नाव न्हाई?"

"न्हाई, अव्वा."

"आप्पाला एकच लेकरू होतं आसं लिहिलाय?"

रेणुकाला 'हो' म्हणवेना. तिनं नुसती मान हलवली.

मग नागव्वा सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. आप्पा गेल्याचा निरोप आला तसं ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली होती. आळंदच्या पुढं बस बिघडली, दुसरी मिळायला चार तास गेले. हुलसूरला पोचली तेव्हा माती देऊन माणसं परत येत होती. "तोंड बघायला मिळालं न्हाई मला आप्पाचं. चार घंटे थांबला न्हाई तो. मी तिथूनच माघारी फिरले. घरात गेलेच न्हाई."

अंगणात एक कोंबडी तुरीत शिरली. नागव्वानं तिला हाकललं नाही.

"जागेचं मला काय करायचंय गं? माझी लेकरं खाऊन-पिऊन हायत. पर सही पायजे तर त्यानं यावं. ह्या दारात. आणि आधी माझं नाव कागदात लिवावं, मंग ते कापावं. आप्पाला दोन लेकरं होती."

तिनं रेणुकाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. गरम भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी. वाढताना म्हणाली, "तू न सांगता घेतली आसतीस तरी मला कळलं नसतं."

"मला कळलं आसतं की," रेणुका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिप्पण्णाला नागव्वाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आता हा हाकलून देणार, असं धरूनच ती उभी होती. तिप्पण्णानं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"थकली का गं ती?"

"केस सगळे पांढरे झालेत. पर काम सोडलं न्हाई. तूर स्वतः पाखडायल्यात."

"माझ्याबद्दल काय मनली?"

"मी हुलसूरचं नाव काढलं तसं पहिलं हेच इचारल्या, तम्माला काय झालं का."

तिप्पण्णानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "भावकीतली मोठी माणसं घाई करायली व्हती. अंधार पडायच्या आत उरका मनायली. मी तवा बोलायला पायजे व्हतं, थांबा मनून. बोललो न्हाई. मंग तिच्याम्होरं कोणतं तोंड घिऊन जायाचं? कागदाचंबी तसंच. तलाठी इचारला, वारस कोण कोण. बहिणीचं नाव घ्यावं तर तिला बोलवावं लागतंय. मी मनलो, मी एकटाच."

रेणुकानं खाली ठेवलेलं पोतं उचलून बाकीच्या घड्यांवर ठेवलं.

"आळंदची बस किती वाजता हाय?" तिप्पण्णानं विचारलं.

तो सोमवारी गेला. भावाबहिणीत काय बोलणं झालं ते रेणुकाला त्या वेळीही कळलं नाही आणि पुढंही तिनं कधी विचारलं नाही. त्या सोमवारी तिला एवढंच ठाऊक होतं, की सकाळची बस गेली, दुपार झाली, आणि तिप्पण्णाचा फोन लागत नाही. तिनं एक झंपर तीनदा उसवला. हरिओम दुपारी जेवायला येऊन पुन्हा ड्युटीवर न जाता दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

"जायचं न्हाई का?"

"जातो की," तो म्हणाला, आणि गेला नाही.

चार वाजता फोन वाजला. पलीकडून नागव्वाचा आवाज आला, "अगं, ह्याला फोन लावताबी येत न्हाई. आमी उद्या तलाठ्याकडं यायलोय, नवा वंशवृक्ष काढायला. तुझ्या अय्याला सांग, खत लिहायला घे मन."

रेणुकानं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडली. हरिओम घाबरून उठला. "काय झालं? न्हाई मनली का?"

"व्हय मनली," रेणुका रडता रडता हसली. "व्हय मनली वं."

कागदाला सव्वा महिना लागला. नवा वंशवृक्ष निघाला, खात्यावर दोघांची नावं चढली. त्यासाठी नागव्वा तलाठ्याकडं येऊन गेली, पण घराकडं न वळता तशीच माघारी फिरली. इसाराची मुदत संपत आली तेव्हा तिप्पण्णानं स्वतः त्याच स्टँप पेपरच्या मागं मुदत वाढवून सही करून दिली. रेणुकानं आता एकही कागद न वाचता हातावेगळा केला नाही. पैशाचे दोन वेगळे डीडी काढायचे, निम्मा तिप्पण्णाच्या नावानं, निम्मा नागव्वाच्या, हे तिनंच बँकेत ठरवलं. तिप्पण्णा त्यावर फक्त "बरोबर हाय" म्हणाला.

खरेदीच्या दिवशी सगळे बसवकल्याणच्या सब-रजिस्ट्रार हापिसात जमले. हरिओमनं रजा टाकली होती. पप्पू नवा शर्ट घालून आला होता आणि गुरुपादय्यांपासून लांब उभा राहत होता. नंबर लागला, फोटो झाले, तिप्पण्णाचा अंगठा यंत्रानं घेतला. मग नागव्वानं बोट टेकवलं. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

"आजी, हात धुवून या," कारकून म्हणाला.

धुवून आली. तरी लाल. सगळा जन्म रानात गेलेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. मागं रांग कुरकुरायला लागली. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती, आणि सुट्टीनंतर यंत्र चालेल की नाही याची खात्री कारकूनही देत नव्हता. इथवर येऊन आता एका बोटापायी अडणार का?

तिप्पण्णा पुढं झाला. त्यानं बहिणीचा हात आपल्या हातात घेतला, उपरण्यानं एकेक बोट कोरडं केलं, थोडा वेळ चोळलं. "अक्का, ह्या बोटानं बघ. दाबू नको, नुसतं ठिव."

नागव्वानं मधलं बोट अलगद ठेवलं. यंत्र बारीक आवाजात वाजलं आणि दिवा हिरवा झाला.

अय्या रेणुकाकडं बघून म्हणाले, "आता झोपा निवांत, बाई. ही जागा तुमच्या नातवंडापतोर कुणी हलवत न्हाई."

हापिसाबाहेरच्या खानावळीत सगळे जेवायला बसले. जेवता जेवता रेणुकाचा फोन वाजला. सुधारानी म्हणून एक मुलगी ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं सेंटर काढणार होती. तिला बाजाराच्या रस्त्याला जागा हवी होती, आणि पप्पूनं तिला रेणुकाचा नंबर दिला होता. एक मलगी भाड्यानं मिळेल का, असं ती विचारत होती.

"मिळंल की," रेणुका म्हणाली. "पर उद्या ये. कागद दाखवते, वाचून घे, मंग बोलू." दुसऱ्या मलगीत ती स्वतःचं मशीन मांडणार होती.

पप्पू मान खाली घालून वरण कालवत म्हणाला, "अक्का, मीबी आता गिऱ्हाइकाला आधी वंशवृक्ष इचारायलोय."

"बरं करायलास," नागव्वा म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

परतीच्या बसमध्ये नागव्वाही चढली. आळंदची बस पलीकडच्या फलाटाला उभी होती, पण तिकडं तिनं बघितलंही नाही. आधार कार्ड काढून हातात धरलं आणि कंडक्टरला म्हणाली, "हुलसूर." तिप्पण्णानं तिला खिडकीची जागा दिली.

रेणुका मागच्या सीटवर हरिओमशेजारी बसली. मांडीवर खरेदीखताची पिशवी होती. गाडी गाव सोडून रानाला लागली आणि तिचे डोळे मिटायला लागले. दोन महिने तिला धड झोप नव्हती. पिशवी घसरली तशी हरिओमनं उचलून आपल्या मांडीवर घेतली, एवढं तिला कळलं. पुढं काही कळलं नाही.

"हुलसूर, हुलसूर, उतरा," कंडक्टर ओरडला तेव्हा ती दचकून जागी झाली. गाडी अजून थांबायची होती. नागव्वा मात्र केव्हाच उठून दाराशी उभी होती. एका हातानं दांडा धरून, वाकून, ती बाहेर बघत होती.